पडण्याचा पगार

आज आपण पडणार की नाही, याचा अंदाज घेत कामावर निघणारी माणसं जगात आहेत. अप्रेझलमध्ये पडण्याबद्दल नाही बोलत मी. शेअर मार्केटबद्दलही नाही. खरंखुरं पडणं. अर्ध्या टनाच्या जनावराच्या पाठीवरून, ताशी ४०-४५ किलोमीटरच्या वेगात, थेट गवतात तोंडावर. आणि मागून अजून वीसेक घोडे येताहेत!

या माणसांना जम्प जॉकी म्हणतात. आपल्याकडे महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर जी शर्यत होते, ती सपाट मैदानातली. तिथे उड्याबिड्या नाहीत. पण इंग्लंड-आयर्लंडमध्ये थंडी पडायला लागली की दुसऱ्याच प्रकाराला जोर चढतो. वाटेत कुंपणं, चर, खड्डे. आणि घोडा आणि माणूस यांनी जोडीनं ते ओलांडायचे. त्यातली सगळ्यात नावाजलेली ग्रँड नॅशनल. लिव्हरपूलला १८३९ पासून होते. सात किलोमीटरला जरासं कमी अंतर आणि ३० उड्या. सगळे घोडे शेवटपर्यंत पोचत नाहीत आणि त्याचं कुणाला आश्चर्यही वाटत नाही. शर्यत चालू असताना कडेच्या रस्त्यानं अ‍ॅम्ब्युलन्स घोड्यांच्या बरोबरीनं पळत असते. म्हणजे कुणी पडलं की बोलवायची, असं नाही. ती आधीच निघालेली असते.

मला हे सगळं कळलं ते डिक फ्रान्सिसमुळे. मास कॉम करत असताना पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्याच्या थ्रिलर्स चहा-सँडविचच्या भावात मिळायच्या आणि होस्टेलवर आम्ही त्या पाळीपाळीनं वाचायचो. हा बाबा लेखक होण्याआधी चॅम्पियन जम्प जॉकी होता. १९५६ च्या ग्रँड नॅशनलमध्ये तो इंग्लंडच्या राणीच्या आईच्या घोड्यावर होता. डेव्हन लॉक त्याचं नाव. तीसच्या तीस उड्या पार. शेवटचे पन्नासेक यार्ड. बाकीचे बरेच मागे. आणि सपाट मैदानात, समोर काहीही नसताना, घोडा अचानक पाय फाकून पोटावर बसला! का, ते आजवर कुणाला नीट सांगता आलेलं नाही. पुढच्या वर्षी फ्रान्सिसनं रायडिंग सोडलं आणि 'संडे एक्सप्रेस'मध्ये रेसिंगवर लिहायला लागला. १९६२ मध्ये पहिली कादंबरी आली. थोडक्यात, पडलेला जॉकी पत्रकार झाला. माझं उलटं झालं. पत्रकार मी आधी झाले, पडणं नंतर आलं.

तेही घोड्यावरून नाही, स्कूटीवरून. दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, पुण्याच्या एका उपनगरात रस्ता खणून त्यावर नुसती खडी टाकून ठेवलेली होती तिथे. उजवं मनगट फ्रॅक्चर. सहा आठवडे प्लास्टर. ज्या पोर्टलसाठी मी दर आठवड्याला लिहायचे तिथल्या एडिटरचा मेसेज आला, 'टेक केअर! तोवर तुझा कॉलम दुसऱ्या कुणाला तरी देतो.' ते 'तोवर' अजून संपलेलं नाही. घरभाडं मात्र १ तारखेला बरोब्बर आलं. त्याला प्लास्टर दिसत नाही.

त्या सहा आठवड्यांत डाव्या हातानं मोबाइल स्क्रोल करत मी जम्प जॉकींबद्दल मिळेल ते वाचून काढलं. आणि मग लक्षात आलं, अरे, हे तर आपल्यातलेच! बहुतेक जॉकी फ्रीलान्सर असतात. प्रत्येक राइडची ठरलेली फी. जिंकलात तर बक्षिसातला वाटा. राइड मिळाली नाही तर त्या दिवशी काही नाही. पडलात आणि हाड मोडलं तर तुमच्या घोड्यावर दुसरा कुणीतरी बसणार, आणि तो जिंकला तर घोडा पुढच्या वेळी तुमच्याकडे परत येईलच असं नाही. म्हणून ही माणसं बरी व्हायची वाट बघत नाहीत. टोनी मॅकॉय सलग २० वर्षं चॅम्पियन होता, चार हजारांहून जास्त शर्यती जिंकून २०१५ मध्ये निवृत्त झाला. जानेवारी २००८ मध्ये त्याच्या पाठीचे मणके मोडले. मार्चमध्ये तो चेल्टनहॅमच्या फेस्टिव्हलला परत खोगिरावर! आपण याला जिद्द म्हणतो, पोस्टर बनवतो. मला आता त्यात धाकही दिसतो. घोडा दुसऱ्याकडे जाईल याचा.

आणि वजन. घोड्यावर किती वजन चढवायचं ते शर्यतीच्या नियमात ठरलेलं असतं, त्यामुळे जॉकी कायम उपाशी. मॅकॉय उकळत्या पाण्यासारख्या गरम टबात बसून वजन उतरवायचा, ते त्यानंच सांगितलंय. आपल्या जिमच्या डाएट प्लॅनला रडणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

यातली एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात रुतून बसली. १९६३-६४ च्या एकाच मोसमात टिम ब्रुकशॉ आणि पॅडी फॅरल हे दोन जॉकी पडले आणि दोघांनाही कायमचं अपंगत्व आलं. फॅरल तर ग्रँड नॅशनलमध्येच पडला. तोवर अशा माणसाचं पुढे काय, याचं उत्तर 'बघू' असंच होतं. या दोघांमुळे १९६४ मध्ये जखमी जॉकींसाठी निधी उभा राहिला आणि तो आजही चालू आहे. म्हणजे शंभरहून जास्त वर्षं लोक या शर्यती टाळ्या वाजवत पाहत होते, आणि पडणाऱ्याच्या खाली काय अंथरायचं हा विचार नीट व्हायला १९६४ साल उजाडलं.

आता तुम्ही म्हणाल, यात बीड जिल्हा कुठून आला? कारण मी मूळची तिथली, आष्टी तालुक्यातली. आणि आमच्याकडे घोडा दिसतो तो फक्त लग्नात, नवरदेवाला घेऊन बॅन्डमागे कंटाळून उभा असलेला.

तर यातला दुवा असा. या शर्यतीचं मूळ नाव स्टीपलचेस. स्टीपल म्हणजे चर्चचा उंच कळस. १७५२ मध्ये आयर्लंडमध्ये दोघा गृहस्थांनी पैज लावली, बटेव्हन्टच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत कोण आधी पोचतो. सात-साडेसात किलोमीटर. रस्ता नाहीच. कळस दिसतोय ना, मग सरळ घोडा हाणायचा. मध्ये ओढा आला, दगडी बांध आला, तर उडी. पुढे १८५० मध्ये ऑक्सफर्डच्या पोरांनी तेच घोड्याशिवाय, आपल्या पायांनी करून बघितलं. त्यातून निघाली ती आजची ३,००० मीटर स्टीपलचेस. घोडा गेला, बांध आणि ओढा राहिले. २८ वेळा लाकडी अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा, एकूण ३५ उड्या. साध्या हर्डलला पाय लागला तर ते आडवं पडतं. हे पडत नाही. ८०-१०० किलोचं धूड असतं. पडतो तो माणूस.

आणि या शर्यतीत भारतातला आजवरचा सगळ्यात वेगवान माणूस आमच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा आहे. अविनाश साबळे. जन्म १३ सप्टेंबर १९९४. आईवडील शेतकरी, वीटभट्टीवरही काम केलेले. घरापासून सहा किलोमीटरवरच्या शाळेत तो चालत-पळत जायचा, हे वाक्य तुम्ही त्याच्यावरच्या प्रत्येक बातमीत वाचलं असेल. पत्रकारांना हे वाक्य फार आवडतं. खरं असलं तरी मला त्याचा जाम वैताग येतो. चालत शाळेला जाणं हा टॅलेन्टचा पुरावा असता, तर आमच्या तालुक्यातून आत्तापर्यंत दोनशे ऑलिम्पियन निघाले असते. आम्ही सगळेच चालत जायचो. साबळे एकच झाला. मग मधे काय घडलं?

मधे घडली फौज. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. पोस्टिंग सियाचीन, मग राजस्थान, मग सिक्कीम. एकीकडे बर्फ, दुसरीकडे वाळवंट. तोवर पळण्याशी त्याचा संबंध शाळेपुरता आणि ड्रिलपुरताच. २०१५ मध्ये तो आर्मीच्या क्रॉस कंट्रीत आला. पुढे दुखापत झाली, वजन वाढलं, आणि बातम्यांत छापून आलंय त्याप्रमाणे तीनेक महिन्यांत त्यानं वीसेक किलो उतरवलं. (मॅकॉयचा टब आठवा.) २०१७ मध्ये आर्मीचे कोच अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं. २२-२३ वर्षांच्या वयात! या वयात आपण पहिल्या जॉबची ऑफर लेटर फेसबुकवर टाकतो.

पुढचं सगळं भन्नाट वेगात झालं. गोपाल सैनीचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम ३७ वर्षं कुणी मोडला नव्हता. तो २०१८ मध्ये भुवनेश्वरला साबळेनं मोडला. ८ मिनिटं २९.८० सेकंद. मग स्वतःचाच मोडत सुटला. टोकियो ऑलिम्पिकला ८:१८.१२. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, ऑगस्ट २०२२, ८:११.२० आणि रौप्य. ही शर्यत सापडली तर नक्की बघा. १९९८ पासून या स्पर्धेतली तिन्ही पदकं दर वेळी केनियाच घेऊन जायचा. त्या वर्षी केनियाचे तिघं होते आणि त्यांच्यात घुसलेला एक मांडव्याचा. पहिल्या आलेल्या अब्राहम किबिवोटपेक्षा तो फक्त ०.०५ सेकंदानं मागे राहिला. पापणी लवते त्याहून कमी! २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये सुवर्ण, वर ५,००० मीटरमध्ये रौप्य. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१, आणि महिन्याभरात त्याच शहरात ऑलिम्पिकच्या फायनलमध्ये. या प्रकारात फायनल गाठणारा पहिला भारतीय पुरुष. अकरावा आला. आमच्याकडच्या ग्रुपवर त्या रात्री दोन तट पडले. एक म्हणत होता, अकरावाच? दुसरा म्हणत होता, जगात अकरावा रे, जिल्ह्यात नाही.

आता माझ्या मामेभावाबद्दल सांगते, कारण हा लेख खरं तर त्याच्यामुळे लिहितेय. वय २०. रोज पहाटे पाचला गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पळतो. एकटा नाही, वीस-पंचवीस पोरं असतात. सगळ्यांचं डिस्टन्स एकच, १,६०० मीटर. आर्मीच्या भरतीलाही तेच आणि महाराष्ट्र पोलिसांच्या भरतीलाही तेच. आमच्याकडे या अंतराला 'सोळाशे' म्हणतात. 'काय करतो पोरगा?' 'सोळाशे मारतो.' बस, करिअर सांगून झालं.

मामा-मामी ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर सहा महिने घराला कुलूप. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हिशेब. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि मग ती कोयत्यानं फेडायची. मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. पाय घसरला की खाली. पडलं आणि एक दिवस बसलं, की खाडा. म्हणजे मजुरी तर गेलीच, वर दंड. उचल जागच्या जागी. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या बातम्या देशभर गाजल्या, त्यामागेही हीच खाड्याची भीती होती. जम्प जॉकीच्या बरोबरीनं निदान अ‍ॅम्ब्युलन्स पळते. मामी चार वर्षांपूर्वी फळीवरून पडली तेव्हा तिला ऊस भरून झालेल्या ट्रॅक्टरवर बसवून दवाखान्यात नेलं. ती अजूनही डाव्या पायावर जोर देत नाही. पुढच्या हंगामाला मात्र गेली.

या घरातला पोरगा सोळाशे मारतो तेव्हा त्याला पदक दिसत नसतं. त्याला पासबुक दिसत असतं.

११ जुलै २०२५ ला मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये साबळे पाण्याच्या अडथळ्यावर पडला. शर्यत सोडावी लागली. गुडघ्यातलं लिगामेंट फाटलं, एसीएल म्हणतात ते, शिवाय मेनिस्कस. ऑपरेशन झालं आणि सप्टेंबरमधली टोकियोची वर्ल्ड चॅम्पियनशिप हुकली. त्याच्या दीड महिना आधीच गुमीला तो आशियाई सुवर्ण घेऊन आला होता. ही बातमी कळल्यावर माझ्या डोक्यात आलं ते पत्रकाराचं. पुनरागमन, जिद्द, अँगल काय घ्यायचा. तेवढ्यात मामेभावाचा फोन.

'ताई, साबळेचा गुडघा गेला म्हणं.'

'हो ना रे.'

'मग आता त्येचा पगार चालू ऱ्हातो का?'

मी म्हटलं, हो, तो फौजेत आहे. नोकरी आहे त्याची. तिकडून थोडा वेळ आवाज नाही. मग, 'मंग बरंय.'

इतक्या वर्षांत साबळेवर एवढं छापून आलं, पण हा प्रश्न मी कुठे वाचलेला नव्हता. आणि बीडमध्ये तो पहिला सुचतो. २०१५ ते २०१८, विक्रमाआधीची ती तीन वर्षं, त्याला कुणी ओळखत नव्हतं. दुखापतीतून, वाढलेल्या वजनातून, नव्याच प्रकारात कुंपणांना धडकत तो शिकत होता. त्या काळात दर महिन्याला पगार येत होता, जेवण होतं, डॉक्टर होता, कोच होता. त्याची मेहनत मी कमी करत नाहीये. पण मेहनत तर मामीही करते.

मामेभावाला जी भरती मिळेल ती मात्र तशी नसेल. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. आता जवान म्हणून जायचं ते अग्निवीर होऊन, चार वर्षांसाठी. त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत पोरांना पुढे कायम करणार. बाकीच्यांना सेवानिधीचे साधारण ११.७ लाख रुपये आणि घरी. पेन्शन नाही. वयाचीही अट. आमचे कॉर्पोरेटवाले मित्र म्हणतात, चार वर्षांत अकरा लाख आणि पंचविशीच्या आत मोकळा, वाईट काय आहे? वाईट नाहीच. माझ्या खात्यात आजही एवढे एकरकमी नाहीत. पण मी सहज हिशेब मांडला. साबळेला चार वर्षांचाच करार असता, तर तो संपायच्या सुमारास त्यानं स्टीपलचेसचं पहिलं कुंपण ओलांडलं असतं. पंचवीस टक्क्यांत त्याला कदाचित ठेवलंही असतं. कदाचित नसतंही. तेव्हा कुणाला माहीत होतं की हा ८:०९ पळणार आहे? त्याला स्वतःला तरी कुठे माहीत होतं?

हे मी मामेभावाला समजावून सांगायला गेले तर त्यानं मलाच गप्प केलं. 'ताई, तुला तरी कुटं चार वर्साची गॅरंटी हाय? तू तर म्हैन्याच्या म्हैन्याला भरती व्हती.' बरोबर बोलला, बॉस. मागच्या वर्षी माझ्या ग्रुपमधल्या दोन मैत्रिणींना, चांगल्या पर्मनन्ट नोकऱ्यांवरच्या, एका मीटिंगमध्ये, वीस मिनिटांत लॅपटॉप परत करायला सांगितला. एकीचा होम लोनचा दुसरा हप्ता जायचा होता. त्यांच्या शेजारूनही कुणी अ‍ॅम्ब्युलन्स पळवत नव्हतं.

दिवाळीत गावी गेले तेव्हा पहाटे त्याच्याबरोबर रस्त्यावर गेले होते. पुण्या-मुंबईच्या मॅरेथॉनमधले टी-शर्ट अंगावर, कुणाच्या पायात बूट, कुणाच्या पायात नुसते मोजे. मोबाइलच्या टॉर्चवर एकजण टायमिंग घेत होता. मी पत्रकारी उत्साहात विचारलं, 'स्टीपलचेस ट्राय करशील का रे? साबळेसारखं?' तो दम खात म्हणाला, 'सोळाशेत मधी कायच आडवं येत नाही ताई, म्हणून तर बरं चाललंय.' पोरं हसली. मग ओणवा होऊन बुटाची लेस बांधता बांधता म्हणाला, 'पाच बावीस आलं आज.'

आर्मीसाठी त्याच्याकडे आता फार वेळ नाही. पोलीस भरतीला वयाची सवलत जास्त आहे आणि नोकरी साठीपर्यंत नसली तरी बरीच लांब आहे. तिथे सोळाशेबरोबर शंभर मीटर आणि गोळाफेकही असते. गोळा त्याचा फार लांब जात नाही. मामीच्या मते त्याला खायला कमी पडतं, त्याच्या मते टेक्निक चुकतं. मागच्या आठवड्यात त्यानं मला आधार कार्ड, जातीचा दाखला आणि एक फार वाईट पासपोर्ट फोटो पाठवला. 'फॉर्म सुटला की लगेच भर. साइट हितं उघडत नाही. फी पण तूच भर, नंतर देतो.' फोटो दुसरा काढ म्हणाले. तो म्हणतो, पळून आल्यावर काढलाय, ऱ्हाऊ दे.